वस्तुमान एक की अनेक? मोंढ्यातल्या काट्यापासून औंढ्याच्या वेधशाळेपर्यंत

लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला एक प्रश्न कळवला आहे. अकरावीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने त्यांना तास संपता संपता अडवले. वेग वाढला की वस्तुमान वाढते, असे त्याला खासगी शिकवणीत सांगितले होते. वस्तूचे वस्तुमान कुठेही नेले तरी बदलत नाही, असे त्याच्या पाठ्यपुस्तकात होते. प्रकाशकणाला ऊर्जा असते पण वस्तुमान नसते, असे त्याने तिसऱ्याच ठिकाणी वाचले होते. त्यात जडत्वीय, गुरुत्वीय, स्थिर, सापेक्ष, परिणामी अशी विशेषणे वेगवेगळ्या पुस्तकांतून त्याच्या कानावर आलेली. “मॅडम, वस्तुमान एक आहे की अनेक? आणि अनेक असतील तर परीक्षेत कोणते लिहायचे?” हा त्याचा प्रश्न होता. परीक्षेचे मी इथे पाहणार नाही, कारण प्रश्नाचा पहिला भागच इतका चांगला आहे की तीस वर्षांहून अधिक काळ पदवीच्या वर्गांना शिकवूनही त्याचे उत्तर देताना मला दर वेळी थोडे थांबावे लागते.

आधी माझे मत सांगतो. ‘वस्तुमान’ या एका शब्दाखाली भौतिकशास्त्रात चार-पाच निरनिराळ्या राशी वावरतात. त्यांपैकी काही राशी व्याख्येने वेगळ्या असूनही निसर्गात तंतोतंत सारख्या निघतात, आणि ते विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राला दिशा देणारे आश्चर्य ठरले. बाकीच्यांचे केवळ नाव सारखे आहे. कोणती राशी कोणत्या गटातली हे ओळखायचे असेल, तर विशेषण पाठ करून फारसे काही साधत नाही. ती राशी कोणत्या कृतीने मोजली, एवढे विचारले की गुंता बराच सुटतो.

मराठीत या गुंत्याला शब्दांचाही हातभार आहे. ‘जड’ म्हणजे उचलायला भारी, आणि ‘जड’ म्हणजे अचेतन, स्वतःहून न हलणारे. ‘जडत्व’ हा पारिभाषिक शब्द दुसऱ्या अर्थावरून घडवला आहे, पण विद्यार्थ्याच्या मनात पहिलाच अर्थ उमटतो. ‘गुरुत्व’ हा शब्दही ‘गुरु’ म्हणजे भारी यावरूनच आला. म्हणजे ज्या दोन गुणधर्मांत आपल्याला फरक शिकवायचा आहे, त्या दोघांचीही नावे मराठी कानाला ‘भारीपणा’ अशीच ऐकू येतात. शिवाय आमच्या पिढीने रसायनशास्त्रात ‘अणुभार’ पाठ केला, विजेचा ‘प्रभार’ शिकला आणि उन्हाळ्यात ‘भारनियमन’ सोसले. या तिन्ही ‘भारां’चा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ‘वस्तुमान’ हा शब्द मात्र मला चांगला वाटतो, कारण त्यात ‘मान’ म्हणजे माप आहे आणि मापाची आठवण शब्दातच राहते.

आता मापाकडे येऊ. माझ्या लहानपणी आमच्या गावात ज्वारी पायलीने मोजली जाई. पायली भरून वर हात फिरवला की माप झाले. ते मोजणे घनफळाचे होते. दाणा भरदार आहे की पोचट, हे पायलीला कळत नाही. ते घेणाऱ्याने हातात दाणा घेऊन ठरवायचे. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या पहिल्याच व्याख्येत द्रव्याची राशी घनता आणि घनफळ यांच्या गुणाकाराने सांगितली, तीही मुळात याच जातीची व्याख्या आहे: पायली गुणिले भरदारपणा. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये तिच्यावर घेतलेला आक्षेप रास्त होता, कारण घनता म्हणजेच घनफळामागचे वस्तुमान असेल तर व्याख्या स्वतःभोवतीच फिरते. पायलीने वस्तुमान मिळत नाही, एवढे यातून घ्यावे आणि मोंढ्यात जावे.

मोंढ्यात आडतीच्या दुकानापुढे पूर्वी दांडीचा मोठा काटा टांगलेला असे. एका पारड्यात पोते, दुसऱ्यात लोखंडी वजने. दांडी आडवी स्थिर झाली की मापाडी आकडा पुकारी. हा काटा काय करतो? दोन्ही पारड्यांना पृथ्वी किती ओढते याची तुलना करतो. पृथ्वीची ओढ कमी झाली तर दोन्ही बाजूंना सारखीच कमी होईल आणि दांडी आडवीच राहील. हाच काटा चंद्रावर टांगला, जिथे गुरुत्व त्वरण, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे, तरी सोयाबीनचे पोते तितकेच भरेल. म्हणून दांडीचा काटा वजन मोजत नाही. तो गुरुत्वीय वस्तुमानांची तुलना करतो.

आज त्या जागी इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे आणि त्याचे काम वेगळे आहे. त्याच्या थाळीखाली धातूचा एक छोटा ठोकळा असतो, ज्याला लोड सेल म्हणतात. पोते ठेवले की तो ठोकळा किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलावरून आकडा दिसतो. म्हणजे हा काटा बल मोजतो, न्यूटनमध्ये मोजावे असे, आणि मग गुरुत्व त्वरण अमुक आहे असे गृहीत धरून त्याचे किलो करून दाखवतो. गृहीत चुकले तर किलो चुकतो. दिल्लीत गुरुत्व त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ९.७९२ मीटर आहे. लातूर विषुववृत्ताच्या अधिक जवळ आणि समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्यामुळे इथे ते ९.७८४ च्या आसपास येते. दिल्लीत आकडा जुळवून घेतलेला काटा तसाच लातूरच्या मोंढ्यात आणून ठेवला, तर क्विंटलमागे साधारण ८० ग्रॅम कमी दाखवील. म्हणूनच असा काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवायचा असतो. शेतकऱ्याचे नुकसान करणाऱ्या काट्यांमागे मात्र गुरुत्व त्वरण क्वचितच असते, हे मी माझ्या चुलत्यांबरोबर काट्यापुढे उभे राहून पाहिले आहे. पण तो विषय भौतिकशास्त्राचा नाही.

वर्गात मी नेहमी विचारत असे की पृथ्वीची ओढ अजिबात न वापरता वस्तुमान मोजता येईल का? येते, आणि त्यासाठी लागणारे सामान लोखंडाच्या कोणत्याही दुकानात मिळते. हॅक्सॉची दोन पाती घ्यावीत, टेबलाच्या कडेला ती उभ्या कडेवर, एकमेकांना समांतर घट्ट आवळावीत आणि बाहेर आलेल्या दोन्ही टोकांना जोडून एक छोटी फळी बसवावी. फळी बाजूला ओढून सोडली की ती आडवी, डावी-उजवीकडे झुलते. तिच्यावर १०० ग्रॅमचे वजन घट्ट बांधावे आणि वीस झोक्यांना लागलेला वेळ मोजावा, मग २०० ग्रॅम, मग ४०० ग्रॅम. पात्यांचे आणि फळीचे स्वतःचे वस्तुमान हिशेबात धरले, तर एकूण वस्तुमान चौपट झाल्यावर एका झोक्याचा वेळ दुप्पट होतो. झोका आडवा असल्यामुळे पृथ्वीची ओढ त्याला पुढे ढकलत नाही आणि मागेही खेचत नाही. पात्याचा ताण वस्तूला हलवू पाहतो आणि वस्तू हलायला किती कुरकुरते, एवढेच इथे मोजले जाते. हे जडत्वीय वस्तुमान. अंतराळस्थानकात अंतराळवीरांना काट्यावर उभे राहता येत नाही. त्यांचे वस्तुमान स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर बसवून, झोक्यांचा वेळ मोजून काढण्याची पद्धत १९७३ च्या स्कायलॅबपासून वापरात आहे. तत्त्व आमच्या दोन पात्यांचेच.

मोंढ्यातला काटा एक गोष्ट मोजतो आणि हॅक्सॉची पाती दुसरी, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतात: मग दोन्हींचे उत्तर सारखे का येते? तर्काने ते सारखे यायचे काहीच कारण नाही. विद्युत बलात असे होत नाही. कणावरचा प्रभार आणि त्याचे जडत्व यांचे एकमेकांशी ठरलेले प्रमाण नसते, म्हणून तेवढाच प्रभार असलेले प्रोटॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाचा धन प्रभाराचा जोडीदार) एकाच विद्युत क्षेत्रात वेगवेगळ्या त्वरणाने जातात. गुरुत्वाकर्षणात मात्र ओढून घेणारा गुणधर्म आणि हलण्यास विरोध करणारा गुणधर्म एकमेकांना छेदून निघून जातात, आणि हवा नसेल तर पीस व दगड बरोबर खाली पडतात.

न्यूटनला ही अडचण पुरती ठाऊक होती. त्याने सारख्या लांबीच्या लंबकांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून त्यांचे झोके ताडून पाहिले, आणि हजारात एक भागापर्यंत कोणताही फरक त्याला आढळला नाही. त्या यादीत शेवटी गहू पाहून मला नेहमी आपुलकी वाटते. पुढे हंगेरीत लोरांड योटव्होश यांनी पिळाच्या तराजूने ही अचूकता कोट्यवधीत काही भागांपर्यंत नेली. मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे दोन दंडगोल पृथ्वीभोवती सतत ‘पडत’ ठेवून २०२२ मध्ये जो अंतिम निष्कर्ष दिला, त्यानुसार एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत काही भागांपर्यंतही फरक दिसत नाही. ही समानता योगायोग मानायला आइन्स्टाइन तयार नव्हते, आणि १९०७ पासून तिच्यावरच त्यांनी आपला गुरुत्वाचा सिद्धांत उभारला. तेव्हा बाई, वर्गात ‘जडत्वीय आणि गुरुत्वीय वस्तुमान सारखेच असते’ असे एका ओळीत लिहून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे. ती ओळ व्याख्या नाही. ती तीनशे वर्षांच्या मोजमापांची पावती आहे.

गुरुत्वीय वस्तुमानाचेही दोन पदर काढले जातात. दुसऱ्याच्या ओढीला वस्तू किती प्रतिसाद देते ते निष्क्रिय, आणि स्वतः दुसऱ्याला किती ओढते ते सक्रिय. भौतिकशास्त्रज्ञ हरमान बाँडी यांनी १९५७ मध्ये हा भेद स्पष्ट मांडला. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतील तर हे दोन्ही समान असलेच पाहिजेत, आणि प्रयोगही तेच सांगतात. शालेय पातळीवर याहून अधिक खोलात जाण्याची गरज नाही.

आता ज्या वाक्यामुळे सगळा घोळ सुरू झाला त्याकडे वळतो: ‘वेगाबरोबर वस्तुमान वाढते.’ हे वाक्य मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे फळ्यावर लिहिले आहे, म्हणून त्याच्यावर टीका करताना मला संकोच नाही. त्याचा इतिहास असा की विसाव्या शतकाच्या आरंभी वेगवान इलेक्ट्रॉनांवरचे प्रयोग चालू होते, आणि बल भागिले त्वरण म्हणजे वस्तुमान ही न्यूटनच्या गतिनियमावरून निघणारी व्याख्या त्यांना लावली जात होती. तशी ती लावली तेव्हा उत्तर एक येईना, दोन येऊ लागली. डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांच्या १९०४ च्या मांडणीत वेगाच्या दिशेने ढकलताना एक वस्तुमान आणि वेगाला काटकोनात ढकलताना दुसरे, अशी दोन वेगळी वस्तुमाने आहेत. आकडे घालून पाहू. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सहादशांश वेगाने जात असेल, तर काटकोनात त्याला वळवण्यासाठी बल १.२५ पट लागते, आणि त्याच दिशेने आणखी पुढे ढकलण्यासाठी सुमारे १.९५ पट. तर मग वस्तुमान किती ‘वाढले’? सव्वापट की जवळजवळ दुप्पट? दिशा बदलली की बदलणारी राशी वस्तुमान कशी म्हणावी? पुढे काही लेखकांनी संवेगाच्या (न्यूटनच्या हिशेबात वस्तुमान गुणिले वेग) सूत्रात न्यूटनचा आकार टिकावा म्हणून काटकोनातले मूल्य निवडले आणि त्याला ‘सापेक्ष वस्तुमान’ म्हटले. त्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून मूळच्याला ‘स्थिर वस्तुमान’ म्हणणे भाग पडले. एक अनावश्यक राशी आणली, म्हणून दुसऱ्या निर्दोष राशीला विशेषण लावावे लागले.

आइन्स्टाइन यांनी १९४८ मध्ये अमेरिकन लेखक लिंकन बार्नेट यांना लिहिलेल्या पत्रात याविषयी स्पष्ट मत दिले आहे. गतिमान वस्तूच्या वस्तुमानाची कल्पना आणू नये, कारण तिची नेमकी व्याख्या करता येत नाही. त्यापेक्षा स्थिर वस्तुमानाखेरीज दुसरे कोणतेही वस्तुमान मानू नये आणि गतिमान वस्तूचा संवेग व ऊर्जा सांगावी, असा त्याचा आशय आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव ओकून यांनी १९८९ मध्ये हीच भूमिका खूप आग्रहाने मांडली, आणि आज कणभौतिकीत काम करणारा कोणीही नुसते ‘वस्तुमान’ म्हणाला तर त्याला हेच, कोणाही निरीक्षकाला सारखे येणारे, अविकारी वस्तुमान अभिप्रेत असते. काही जुन्या आणि चांगल्या पुस्तकांत सापेक्ष वस्तुमान अजून आहे. ते चूक नाही. हिशेब बरोबरच येतो. पण ते वापरणाऱ्याला पदोपदी खुलासे करावे लागतात.

मग वेगवान इलेक्ट्रॉनाचा वेग आणखी वाढवणे कठीण का जाते? कारण त्याचा संवेग आणि ऊर्जा वेगाच्या साध्या प्रमाणात वाढत नाहीत. प्रकाशवेगाच्या जवळ जाताना वेगातला थोडासा फरकही खूप मोठ्या ऊर्जेची मागणी करतो. हा अवकाश आणि काळ यांच्या रचनेचा गुण आहे. इलेक्ट्रॉनाच्या अंगात काही द्रव्य साचत नाही. इलेक्ट्रॉनाबरोबर धावणाऱ्या निरीक्षकाला तो होता तसाच दिसतो.

या ठिकाणी त्या विद्यार्थ्याच्या प्रकाशकणाचेही उत्तर मिळते. ‘ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग’ हे सूत्र आपण सदऱ्यांवर छापलेले पाहतो. पण ते फक्त संवेग शून्य असलेल्या वस्तूला लागू आहे. पूर्ण नाते असे आहे: ऊर्जेचा वर्ग बरोबर, संवेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणाकाराचा वर्ग, अधिक वस्तुमान आणि प्रकाशवेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा वर्ग. एका काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणा. प्रकाशकणाच्या बाबतीत वस्तुमानाची बाजू शून्य असते, त्यामुळे उरलेल्या दोन बाजू एकमेकींवर येऊन पडतात आणि ऊर्जा ही संवेग गुणिले प्रकाशवेग एवढी होते. ऊर्जा आहे, संवेग आहे, वस्तुमान नाही. यात कुठेही विसंगती नाही.

यावर हुशार मुले लगेच विचारतात की वस्तुमान नाही तर सूर्याजवळून जाताना प्रकाश वाकतो कसा? त्याला ऊर्जेइतके ‘सापेक्ष वस्तुमान’ देऊन न्यूटनच्या सूत्रात घालावे, असा मोह होतो. तसे करून पाहिले तर सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण कोनाच्या ०.८७ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वाकायला हवा. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे उत्तर बरोबर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला आहे, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणापासून आजवरच्या निरीक्षणांनी तेच उचलून धरले आहे. सापेक्ष वस्तुमानाने इथे निम्मेच उत्तर दिले. गुरुत्वाचा उगम एकट्या वस्तुमानात नसतो. ऊर्जा, संवेग आणि दाब हे सगळे मिळून तो घडवतात.

या विषयातला सर्वांत खोल बदल मात्र अजून सांगायचा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात बहुधा चौकटीत कोंबलेला असतो. मोंढ्यात दोन पोती एकत्र तोलली तर वजनाची बेरीज होते. वस्तुमानाचा हा गुण आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तोच त्याचा स्वभाव वाटतो. पण अविकारी वस्तुमान बेरजेचे गुलाम नाही. एकच ऊर्जा असलेले दोन प्रकाशकण एकाच दिशेने जात असतील तर त्या जोडीचे वस्तुमान शून्य. तेच दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जात असतील तर जोडीचा एकूण संवेग शून्य होतो आणि सगळी ऊर्जा वस्तुमान म्हणून हिशेबात येते. शून्य अधिक शून्य बरोबर काहीतरी, हे वाचून मुले हसतात, पण प्रयोगशाळेत हे रोजचे काम आहे: दोन प्रकाशकण पकडायचे, त्यांच्या ऊर्जा आणि दिशा मोजायच्या, जोडीचे वस्तुमान काढायचे आणि ते १३५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांचे वस्तुमान सांगण्याचे ऊर्जेचे एकक) जवळ आले तर म्हणायचे की ते उदासीन पायॉन हा अल्पायुषी कण फुटून निघाले. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हाच्या एका मुख्य पुराव्यात नेमकी हीच रीत होती.

बेरीज उलट्या दिशेनेही चुकते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले तर जेवढे भरतील, त्यापेक्षा त्यांचा बनलेला हेलियमचा केंद्रक पाऊण टक्क्याने हलका असतो. ती तूट म्हणजे बांधणीत बाहेर गेलेली ऊर्जा, आणि तिच्यावर सूर्य चालतो. तो दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान उजेड म्हणून उधळतो. आपल्याकडचे उदाहरण परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचे घेऊ. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर त्याने दिलेली सगळी वीज वस्तुमानात मोजल्यास पाव ग्रॅमही भरत नाही. तेवढी तूट कोळसा, हवा, राख आणि धूर यांच्या एकूण हिशेबात पडलेलीच असते. ती कोणत्याही काट्याला दिसत नाही म्हणून रसायनशास्त्राने वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम मांडला, आणि व्यवहारात तो निर्धोक आहे.

प्रोटॉनात तर हे प्रकरण टोकाला जाते. त्याचे वस्तुमान सुमारे ९३८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि त्याच्यातल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज दहाच्याही आत. म्हणजे जवळजवळ नव्याण्णव टक्के वस्तुमान क्वार्कांची धावपळ आणि त्यांना बांधणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा यांतून आलेले आहे. हिग्ज क्षेत्र सगळ्या जगाला वस्तुमान देते असे २०१२ मध्ये सर्रास छापून आले. ते क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांसारख्या मूलकणांपुरते ठीक आहे. पण ज्वारीच्या पोत्याचे जे वजन पाठीवर जाणवते, त्यातला हिग्जचा थेट वाटा एखाद्या टक्क्याच्या घरातला.

उरलेल्या विशेषणांचे झटपट सांगतो. अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या असंख्य अणूंच्या ओढाताणीत चालतो; ती सगळी ओढाताण एका आकड्यात गुंडाळली की त्याला परिणामी वस्तुमान म्हणतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ते मोकळ्या इलेक्ट्रॉनाच्या ०.०६७ पट आहे आणि काही ठिकाणी ऋणही येते. इलेक्ट्रॉन हलका झालेला नसतो. ही हिशेबाची सोय आहे, नाव तेवढे वस्तुमानाचे. दोन वस्तू एकमेकींभोवती फिरताना वापरले जाणारे रिड्यूस्ड मास हीसुद्धा तशीच सोय. अणुवस्तुमानांक हे तर वस्तुमानच नाही, ती केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांची मोजदाद आहे. आणि किलोग्रॅम: १८८९ पासून तो पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर टेकलेला होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाचे, म्हणजे पुंजभौतिकीतल्या एका मूलभूत आकड्याचे, मूल्य कायमचे ठरवून केली जाते. लोखंडी वजनांत काही फरक पडलेला नाही.

शेवटी आपल्या दारातले उदाहरण. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची (अवकाश-काळाला क्षणभर ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची) वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली. तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडी वस्तुमानाचे आणखी तीन शब्द असतील. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ येतात, तेव्हा लहरीची वारंवारता ज्या वेगाने चढते त्यावरून त्यांच्या वस्तुमानांचे एक विशिष्ट संयुग सर्वांत अचूक कळते. त्याला चिर्प मास म्हणतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ती लहर आपल्यापर्यंत येताना ताणली जाते आणि उगमाची वस्तुमाने मूळच्यापेक्षा मोठी भासतात. म्हणून दुसरा शब्द जोडीने येतो: वेधशाळेत मोजलेले आणि उगमापाशी असलेले वस्तुमान, आणि हे दोन आकडे वेगळे नोंदवावे लागतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पकडलेल्या पहिल्या लहरीत सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची विवरे एक झाली आणि मागे ६२ पट उरले. जवळजवळ तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींत गेले. बेरीज मोडण्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा शब्द टेस्ट मास. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना टांगलेल्या आरशांना हे नाव आहे. अमेरिकेतल्या आजच्या वेधशाळांत असा प्रत्येक आरसा ४० किलोग्रॅमचा आहे. पहिल्या पिढीत ते दहा-अकरा किलोग्रॅमचे होते. गुरुत्वीय लहर जाताना आरसा किती जड आहे याला महत्त्व नसते, कारण जडत्वीय आणि गुरुत्वीय वस्तुमान समान असल्याने सारे सारखेच हलतात. तरीही आरसे जड केले, त्याचे एक कारण प्रकाश आहे. लेसरचे प्रकाशकण आरशावर आपटून परततात, प्रत्येक जण त्याला इवलासा धक्का देतो, आणि धक्क्यांच्या कमीजास्तपणाने हलका आरसा थरथरू लागतो. बाई, त्या विद्यार्थ्याला सांगा की ज्याला वस्तुमान नाही त्या प्रकाशाचा संवेग इतका खरा आहे की त्याच्यासाठी आरशांचे वस्तुमान जवळजवळ चौपट करावे लागले.